वरच्या आवाजाचं इंजिन

बंडोपंत मेस्त्रींनी टेबलावर गोणपाट अंथरलं, त्यावर इंजिनाचे दोन क्रँकशाफ्ट, पिस्टनची वरखाली हालचाल फेऱ्यांत बदलणारे वाकडे दांडे, शेजारी शेजारी ठेवले आणि डॉक्टर कित्तूरांना म्हणाले, "बघा. ह्यातला कुठला घालायचा ते आज ठरवायचं."

पहिला क्रँक गाडीचा मूळचा, आखूड हाताचा. दुसरा त्याच घराण्यातल्या पुढच्या मोठ्या इंजिनाचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून मेस्त्रींनी तो स्वतः जाऊन आणला होता. त्याचे हात अर्ध्या बोटानं लांब. हा घातला आणि सिलिंडर थोडे रुंद करून घेतले, की साडेबाराशे सीसीचं इंजिन पंधराशेला जाणार होतं.

मी व्हाइसपाशी उभा होतो. हा दुसरा क्रँक शेडमध्ये आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ज्या माणसाबरोबर रोज डबा खाल्ला, त्यानं ही गोष्ट माझ्यापासून लपवून का ठेवावी, ते कळेना. मला राग आला.

डॉक्टर बेळगावचे. दातांचे डॉक्टर, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांच्याकडे सन बासष्टची एक इंग्लिश गाडी होती. दोनच सीटची, उघडी, सायीच्या रंगाची. गोव्याच्या एका खाणमालकाच्या गोठ्यात ती सडत पडली होती. डॉक्टरांनी ती उचलून आणली आणि दोन वर्षं खपून तिचा सांगाडा उभा केला. आता इंजिन राहिलं होतं. जानेवारीत एका क्लबानं घाटात चढाईची शर्यत ठेवली होती, तिथं त्यांना ती पळवायची होती. बेळगावात मेकॅनिकांचा तोटा नव्हता, पण डॉक्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात आले ते मेस्त्रींचं, बंडोपंत सुतार हे नाव ऐकून. कॉलेजात असताना त्यांनी एका जुन्या धावपट्टीवर मेस्त्रींनी बांधलेली गाडी पळताना पाहिली होती. पाहिली म्हणण्यापेक्षा ऐकली होती. तो चढत जाणारा, शेवटी शेवटी फाटेल की काय असं वाटणारा आवाज अजून कानात आहे, असं ते पहिल्या भेटीत म्हणाले होते.

तो आवाज म्हणजेच मेस्त्री. इंजिन लहान ठेवायचं, आतले भाग हलके करायचे, सोनाराच्या तराजूवर तोलून एकसारखे करायचे, झडपा उघडणारा कॅम तीव्र घासायचा, आणि मग ते मिनिटाला सात-साडेसात हजार फेरे असं फिरवायचं की कमी फेऱ्यांच्या मोठ्या इंजिनांनी लाजावं. ताकद आकारातून नाही, वेगातून काढायची. उद्यमनगरात इंजिनं बांधणारे शंभर होते, पण असं इंजिन बांधणारे एकच.

आणि ते सगळं कानावर. दोन कार्ब्युरेटर सारखे लावायचे तर मेस्त्री रबराची नळी घ्यायचे. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानात. हवा आत जाताना बारीक फुसफुस होते. ती दोन्हीकडे सारखी झाली की स्क्रू तिथंच सोडायचा. मी एकोणिसाव्या वर्षी हातकणंगल्याहून त्यांच्याकडे आलो, तेव्हा पहिली तीन वर्षं मला त्या नळीला हात लावायला बंदी होती.

अलीकडे दोनेक वर्षांत मात्र नळी माझ्याच हातात असायची. "तू सांग," म्हणायचे. मी सांगायचो, ते मान हलवायचे. मला वाटायचं, म्हातारे आळसावले. एकटा जीव. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी सुलोचना हुबळीला दिलेली. गुरुवारच्या भजनाला जाणंही त्यांनी सोडलं होतं. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसायचे, तेही बंद. कुणी काही विचारलं तर एकतर चिडायचे नाहीतर उत्तरच द्यायचे नाहीत. माणसं म्हणायची, बंडोपंतांना नावाची घमेंड चढली. मीही तेच म्हणायला लागलो होतो.

त्या दिवशी मेस्त्री डॉक्टरांना समजावत होते. पंधराशेचं करू. तीन हजारावरच ओढायला लागेल. घाटात सारखे गिअर बदलायला नकोत, वळणातून नुसता पाय दाबला की गाडी वर. वीस वर्षं टिकेल. ते सगळं खरंच होतं. पण मला वाटत होतं, ट्रकवाला बोलतोय.

मी मध्ये पडलो. शर्यत जिंकायची तर इंजिन हलकं आणि वरच्या फेऱ्यांचंच हवं, एवढ्याशा गाडीच्या तोंडावर वजन वाढवून चालणार नाही, असं मी सांगितलं. मेस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुकू, मोठंच करायचं." कारण दिलं नाही.

मग ते कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेले. पाणी वाजत होतं, पण फार नाही. त्यांची पाठ आमच्याकडे होती, चार पावलांवर.

मी डॉक्टरांना म्हणालो, "मेस्त्री आता भ्यायलेत, डॉक्टर. वय झालं की माणूस सोपं बघतो. तुम्हाला तो आवाज पाहिजे असेल तर तो ह्या शेडमधून आता निघणार नाही. मी काढून देतो."

आवाज मी खाली ठेवला होता, पण इतका नाही. त्यांना ऐकू जावं असंच माझ्या मनात होतं. पंधरा वर्षं मी त्या नावाच्या सावलीत उभा होतो, चौतीस वर्षांचा झालो होतो, आणि मला एकदा ते त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

डॉक्टरांनी दचकून मेस्त्रींच्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. मेस्त्रींनी बोट न् बोट घासून धुतलं, पंच्याला हात पुसले, वळले आणि शांतपणे विचारलं, "काय ठरलं?"

एवढं ऐकून घेऊन हा माणूस असं विचारतो, म्हणजे आपण त्याच्या खिजगणतीतही नाही, असं मला वाटलं. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणालो, "वरचं ठरलं. साडेसात हजाराचं."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"म्हणजे तू करणार."

"मी करणार. दुसरीकडं."

"बरं," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली रबरी नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा. मला आता हिचं काम न्हाई."

तो टोमणा आहे असं मी समजलो. नळी घेतली आणि बाहेर पडलो.

शिरोलीला एका ओळखीच्या माणसाची अर्धी शेड रिकामी होती, तिथं डॉक्टरांच्या होकारानं मी त्यांचं इंजिन मांडलं. तीन महिने एकट्यानं काम केलं. कनेक्टिंग रॉड आरशासारखे घासले, पिस्टन तोलले, कॅम तीनदा बदलला. हात चालायचे, पण तोंड गप्प. एखादं माप बरोबर जमलं की मी बोलून जायचो, "बघा मेस्त्री," आणि मान वळवायचो. शेजारच्या अर्ध्या शेडमध्ये खताची पोती होती. दुपारी डबा उघडला की पूर्वी ज्या दोन भाकऱ्या पुरायच्या नाहीत त्या आता उरायला लागल्या. एकमेकांच्या डब्यातलं खाताना आपण किती खातो ते कळत नाही.

इंजिन चालू झालं त्या दिवशी डॉक्टर आले होते. गरम झाल्यावर मी हळूहळू पाय दाबत गेलो. चार हजारापर्यंत ते नुसतं कुरकुरत होतं. पाचला जागं झालं. साडेसहाच्या वर जो आवाज सुटला त्यानं पत्रे थरथरले. साडेसातला काटा टेकला, मी पाय काढला, आणि शेडमध्ये एकदम शांत झालं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, पुष्कळ काही बोलले. मी ऐकत होतो, पण मला हवं होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी नुसतं "हं".

जानेवारीत गाडी आपल्या गटात पहिली आली. चार सेकंदांनी.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन उद्यमनगरात गेलो. माफी मागायला गेलो होतो असं म्हणणार नाही. दाखवायला गेलो होतो, आणि त्याच्या खाली कुठंतरी माफीही असेल. मेस्त्री दाराकडे पाठ करून व्हाइसवर काहीतरी कानसत होते. मी उंबऱ्यावरून हाक मारली. कानस चालूच. पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. शेजारच्या, ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्न शॉपमधला मुल्लाणी डोकावून बघून गेला, मेस्त्रींनी मान वळवली नाही. मी पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि निघून आलो.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही. उद्यमनगर केवढंसं, आणि सुट्या भागांसाठी मला तिथं यावंच लागायचं. रस्त्यात समोरासमोर यायचो. ते थांबायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, मी काहीतरी बोलावं म्हणून थांबल्यासारखे. मी खाली मान घालून पुढे जायचो. माझं काम वाढलं होतं, नाव झालं होतं. पुण्याहून गाड्या यायच्या. हाताखाली माणसं ठेवली, ती बदलत राहिली. एकाशीही माझं जमलं नाही. लग्नाचं त्यात मागंच पडलं.

पाचव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर पुन्हा आले. आता त्रेसष्टचे होते, डावा गुडघा दुखत होता. गाडी तीच. म्हणाले, बाजारातून घरी जाईपर्यंत वीस वेळा क्लच दाबावा लागतो, चार हजाराच्या खाली गाडीत जीव नसतो, आणि वर गेली की बायको कानांवर हात ठेवते. तिनं गाडीत बसणंच सोडलंय.

"सुकुमार, मला आता कुणाला हरवायचं नाही," ते म्हणाले. "मला तिला घेऊन सावकाश आंबोलीला जायचंय. मेस्त्री म्हणत होते तसं करून दे."

पंधराशेचं करायचं तर तो लांब हाताचा क्रँक हवा. मुंबईत दोन ठिकाणी विचारलं, नाही म्हणाले. तो मेस्त्रींच्या शेडमध्येच असणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आठ दिवस टाळलं, मग गेलो.

शेडला कुलूप होतं. कुलपावर धूळ बसलेली. मुल्लाणी बाहेर आला. मेस्त्री चार महिन्यांपूर्वी मुलीकडे हुबळीला गेले, म्हणाला.

"कानानं पार गेले होते न्हवं. पोरगी आली होती न्यायला, ती सांगत होती. आठ वर्षं झाली म्हणे. आम्हाला खेटून बसणाऱ्यांना पत्ता न्हाई. रागीट म्हणून आपण बोलायचंच सोडलेलं."

मी विचारलं, किती वर्षं. तो पुन्हा म्हणाला, आठ.

मी तिथंच त्यांच्या पायरीवर बसलो. आठातून पाच गेले की तीन उरतात. म्हणजे मी तिथं होतो तेव्हापासून. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतो तेव्हापासून.

सुलोचनाच्या सासरचं घर मला पूर्वीपासून ठाऊक होतं. हुबळीची एसटी पाच तास घेते. सुलोचनानं दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेण्याआधी ओट्यावरच थांबवून थोडं सांगितलं. बारीक आवाज आधी गेले, म्हणाली. चिमण्या, भजनातले टाळ, नळाचं ठिबकणं. जाड आवाज बरेच दिवस येत होते, आता तेही नाहीत. डॉक्टरकडे जायला तयार होत नव्हते, कुणी बघेल म्हणून. बोलणाऱ्याच्या ओठांवरून ओळखायचे. पाठीमागून बोललं तर काही नाही.

पाठीमागून बोललं तर काही नाही. ती हे सहज बोलून गेली. मला तो नळ दिसला, आणि ती न हललेली पाठ. मी बोललो त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मोठं इंजिन त्यांना का हवं होतं तेही तिथंच, ओट्यावर उभ्या उभ्या कळलं. जाड आवाजाचं, त्यांना अजून ऐकू येईल असं तेवढं एकच इंजिन उरलं होतं.

सुलोचनानं माझ्या हातात एक वही आणि पेन्सिल दिली. "लिहून द्या. बोलतात ते भरपूर," म्हणाली.

मेस्त्री आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले होते. पांढरा सदरा, स्वच्छ हात. एवढे स्वच्छ हात मी त्यांचे कधी बघितले नव्हते. मला बघून ते उठायला लागले, मी खांदा दाबून बसवलं. ते बोलायला लागले, ते मोठ्यानं, शेडमध्ये दहा यंत्रं चालू असल्यासारखं. डॉक्टरांची गाडी जिंकल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. पेढे खाल्ले होते, कुणी ठेवले ते पुड्यावरच्या शिरोलीच्या दुकानाच्या नावावरून ओळखलं होतं. मी क्रँकचं लिहून दाखवलं. तो मुल्लाणीकडे ग्रीस लावून ठेवलाय, घेऊन जा, म्हणाले. पण डॉक्टर शेवटी मोठ्या इंजिनाकडे वळले हे वाचून त्यांना आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. खाली आलाच नाही.

"सुकू, तू गेलास ते बरोबर केलंस. तुला कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. वरचं इंजिन म्हणालास, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास. म्हटलं, ह्याला उमगलं की मेस्त्रीचा कान गेला. ऐकू न येणाऱ्यानं असलं इंजिन बांधायचं म्हणजे फसवणूक. तू ती होऊ दिली न्हाईस."

मी वही धरून बसलो होतो.

"पण माझ्या मनाला काय भिडलं असेल तर ते हे, की तू कुणाला सांगितलं न्हाईस. उद्यमनगरात एकाला जरी कळलं असतं तर माझ्या दारात गाडी आली नसती. तुझ्या धंद्याच्या फायद्याचं होतं. पाच वर्षं तू तोंड उघडलं न्हाईस. रस्त्यात भेटायचास, मला वाटायचं आता काहीतरी बोलशील, पण माणसांत बोललो तर ह्यांचं उघडं पडेल म्हणून खाली मान घालून जायचास. मी सुलोचनाला सांगितलंय. पोटात ठेवणारा एकच माणूस मला भेटला."

दारात सुलोचना उभी होती. ती पदरानं डोळे टिपून आत गेली.

मेस्त्रींचं बोलणं थांबलं नव्हतं. शेड बंद करताना कसं वाटलं, हत्यारं कुणाला दिली, कुणाचाही निरोप न घेता पहाटेच्या गाडीनं कसे निघाले, ते सांगत होते. त्यांना थांबवायचा मार्ग नव्हता. मी पेन्सिल घेतली आणि वहीत लिहिलं, 'मला माहीत नव्हतं, मेस्त्री.' आणि वही त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली.

"तुला कसं माहीत असणार," ते म्हणाले. "मी कुणाला सांगून निघालोच न्हाई. पत्तासुद्धा दिला न्हाई मुल्लाणीला."

त्यांनी वही माझ्या मांडीवर परत ठेवली. ओळीखाली अर्धं पान कोरं होतं. अजून एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. पण तिच्याखाली दुसरी लिहावी लागली असती, की मग मी गेलो कशासाठी, आणि त्यांची पाठ असताना काय बोललो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. चार महिने त्या खोलीत त्यांना भेटायला कुणी आलं नव्हतं, हे सुलोचना ओट्यावर बोलली होती.

मी पेन्सिल वहीत घातली आणि वही मिटली.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आत कपबशा वाजत होत्या, रस्त्यावरून कुणी भाजीवाला ओरडत चालला होता. त्यांना त्यातलं काही नव्हतं. चहा येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि मेस्त्रींच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्यांच्याकडे बघवेना.